अकरावी पात

१

रोवण्याच्या बाया मोजाच्या असल्या तं तोंडं मोजून जमत नाई. तोंडं सारी चिखलाकडे. मांगून मोजा लागते. अन् मांगून मोजणाऱ्यानं नजर नीट ठेवा लागते, नाई तं ओल्या चिखलाचा गोळा बसते थोबाडावर. मोहटोल्याच्या श्रीहरीनं असे किती गोळे खाल्ले, त्याची गिनती त्याच्या बायकोपाशीही नाई.

ती बिचारी पाती मोजे.

रुखमा तिचं नाव. रोवण्यात साऱ्या बाया एका रांगेत वाकतेत, अन् धानाचे पऱ्हे, म्हन्जे रोपं, चिखलात खोचत खोचत मांगं मांगं सरकतेत. एका बाईच्या हाताले जेवढी पट्टी पुरते, ती तिची पात. दहा बाया, दहा पाती. याले काही शाळा शिका लागत नाई.

ज्या साली मोहटोल्यात पहिल्यांदा फोनचा डब्बा बसला अन् आठव्या दिवशी पान्यानं मेला, त्या सालचा हा रोवणा. श्रीहरीच्या घरी मानसं तीन. श्रीहरी, रुखमा, अन् श्रीहरीचा बाप बापूराव. बापूरावचे दोन्ही डोळे गेलेले, पन जीभ कोरी करकरीत. चार एकर वावर, त्यात पानी अडवलेल्या धानाच्या बांध्या, अन् चिखल कराले दोन हेले, म्हन्जे नांगराचे रेडे. श्रीहरी मानूस वाईट नाई. मस्करीखोर. पन त्याची मस्करी तोंडाची नाई, हाताची. कोनाच्या पाठीवर प्रेमानं थाप मारली तं त्याच्या तोंडातला घास समोरच्याच्या ताटात पडे. सारे हसत. ज्याची पाठ, तो जरा उशिरा हसे.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाया जेवाले धुऱ्यावर, म्हन्जे बांधावर, चढल्या. रुखमानं कंबर सरळ केली अन् लावलेल्या बांधीकडे पाह्यलं. सवयच ते. एक, दोन, तीन करत नजर पलीकडच्या कोपऱ्यात गेली.

अकरा पाती.

तिनं बाया मोजल्या. मैना, माधवी, आचल, बाकीच्या सहा, अन् दहावी ती स्वतः.

"मैने, दोन पाती धरल्या का व तू?"

मैना तिची शेजारीन, श्रीहरीच्या दोस्ताची, सोमाजीची बायको. तिच्या तोंडात कांदा होता. "एक धरता धरता कंबर मोडली माई. दोन कायले धरू? तुह्याच नवऱ्यानं लुगडं नेसून लावली असन!"

बाया हसून हसून लोटपोट. रोवणा बायाचा, मानसाचा हात त्याले लागत नाई. रुखमाही हसली. पन हसता हसता ती कोपऱ्यात गेली.

पात सरळ होती. तिच्या स्वतःच्या पातीपेक्षा सरळ. दोरी लावल्यासारखी, बोटभरही इकडे तिकडे नाई. पन रोपं उलटी होती. शेंडे चिखलात, मुळ्या वरत. हवा आली का त्या पांढऱ्या मुळ्या हालत, जशे म्हातारीचे केस.

२

श्रीहरी म्हने, बायाची मस्करी. बाया म्हने, श्रीहरीची मस्करी. आता तुमीच सांगा, गावात एकच मस्करीखोर असला तं चोर पकडाले पोलीस कायले लागते? रुखमानंही तसंच धरलं.

"अजी, पुरं करा आता. पऱ्हे वाया जातेत."

"मी नाई लावली, रुखमे. तुह्या गळ्याची शपथ."

"माह्या गळ्याची घेऊ नका. आपल्या घ्या."

"घेतली! माह्या गळ्याची शपथ." अन् त्यानं दोन्ही हातानं आपलाच गळा दाबून, जीभ बाहेर काढून दाखवली. बाया अजून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमा उलटी रोपं उपटून सुलटी लावाले बसली. पहिलंच रोप निंगेना. कालचं लावलेलं रोप, दोन बोटांत धरलं तं यावं. तिनं दोन्ही हात लावले, पाय रोवले, ओढलं. चिखलातून पाय काढताना जसा आवाज येते ना, *चुप*, तसा आवाज आला अन् रोप हातात आलं. हात चिरला. धानाचं पातं हात चिरते, त्यात नवल नाई. पन हे पातं हाडापर्यंत गेलं होतं. चार बोटांतून रक्त धारेनं चिखलात पडलं अन् पडल्या पडल्या गायब झालं. वरत डाग राह्यला नाई.

पातं चिखलात राहून पिवळं पडाले पाह्यजे. हे हिरवंगार होतं.

त्याच दिवशी पुढच्या बांधीत रोवणा. दुपारी मोजल्या तं अकरा पाती. तिसऱ्या बांधीतही अकरा. शेवटची पात उलटी. अन् मांगच्या बांधीतल्या उलट्या रोपाच्या मुळ्याले कोंब फुटले होते.

"पाह्य व," श्रीहरी खूश होऊन म्हने. "जगून राह्यली. फुकटची मजूर भेटली आपल्याले. राहू दे."

रुखमाले तो बोल खटकला. श्रीहरी 'मजूर भेटला' म्हनाला असता तं काही वाटलं नसतं. 'भेटली' म्हनाला.

३

आता बोजारा काय, ते सांगा लागन. रोवणा संपते त्या दिवशी मालकानं बांधीवर बायाले खाऊ घालाचं, त्याले बोजारा म्हन्तेत. सुवाऱ्या, म्हन्जे पुऱ्या, वडे, मटन, ज्याची जशी ऐपत. पन त्याच्या आंधी बाया मालकाले पकडतेत, चिखलात पाडतेत, अन् डोकश्यापासून नखापर्यंत सारवून काढतेत. मालकानं पळाचं नसते. पळाला तं त्याचं पीक बसते, असं हसून म्हन्तेत. वर्षभर ज्यानं वरडून काम घेतलं त्याच्या नाकात चिखल घालाले भेटते, तं कोनती बाई सोडन?

मांगच्या साली त्या बोजाऱ्याले एक परकी बाई होती. सिरोंच्याकडची. रोवण्याच्या दिवसांत जीपमधून उतरली, हातानं खुणा करून काम मांगतलं. तिची बोली तेलुगू, मोहटोल्याले समजे ना. काम मात्र लगित सरळ. दोरी लावल्यासारखं. पंधरा दिवस तिनं पात धरली, शेवटची, कोपऱ्यातली. एका कपड्याचं गठुडं होतं, ते मोहाच्या झाडाले टांगे. सारे तिले "ओ बाई" म्हनत.

बोजाऱ्याले बायानं श्रीहरीले सारवलं. ती एकटी कोपऱ्यात उभी राहून पाहे. श्रीहरी चिखलानं भरलेला उठला अन् म्हने, "काऊन व बाई, तुमच्याकडे असं करत नाई का? ये, तुले शिकवतो." त्यानं तिले उचललं अन् तोंडावर पाडलं. मान धरून दाबली. बाया धावल्या. कोनं हात धरले, कोनं पाय. रुखमानंही पाय धरला होता, डावा. तो पाय हाताले लाथा मारे, अन् रुखमा हसे. पानी लगित पडत होतं, आवाज काही येत नव्हता. मंग सोमाजी जेवनाचं टोपलं घेऊन आला अन् साऱ्या झाडाखालत पळाल्या.

मंग ती उठली. तोंड पुसलं नाई. धुऱ्याधुऱ्यानं निंगून गेली, जेवलीही नाई.

असं सारेच म्हनत. रुखमाले पुसलं तं तीही म्हने, उठली, गेली. पन धुऱ्यावर तिची पाठ पाह्यली होती का, असं कोनं पुसलं असतं तं? कोनं पुसलं नाई. रोवणा म्हन्जे सारा चिखलच, अन् दुसऱ्या दिवशी तिकडे कोनाचं काम नव्हतं. तिच्या वाट्याचं पान धुऱ्यावर राह्यलं, ते कावळ्यानं खाल्लं. गठुडं मोहालेच टांगलेलं राह्यलं. वर्षभर उन्हापान्यानं त्याचा रंग गेला.

त्या कोपऱ्यात त्या साली धान छातीएवढं झालं. भात गोड लागला. बापूराव दोनदा मांगून खाये.

४

शेवटची बांधी राह्यली, ती त्याच मोहाखालची. श्रीहरी हेले घेऊन चिखल कराले उतरला. रुखमा धुऱ्यावर गवत कापे.

तीन फेरे बरोबर झाले. चौथ्या फेऱ्यात कोपऱ्यापाशी डाव्या अंगाचा हेला थांबला.

"चाल बे!"

चालेना. श्रीहरीनं तुतारीचा, हाकाच्या काठीचा, खिळा टोचला. चालेना. श्रीहरी तापला. तुतारी उलटी धरून दांड्यानं पाठीवर, बरगड्यावर, तोंडावर मारलं. कातडं फाटलं, रक्ताच्या रेघा पोटाखालत गेल्या. हेला थरथरे, पन पाय उचले ना. सोमाजी शेजारच्या वावरातून धावत आला. "मारतं का गा मुक्याले! थांब!"

तेवढ्यात हेल्यानं पुढचे गुडघे टेकले. अन् हळूच, जसा कोनी मान धरून वाकवते तसा, तोंड चिखलात घातलं. नाक, डोळे, कानापर्यंत.

"पानी पीत असन," सोमाजी म्हने.

चिखल किती? घोट्याएवढा.

हेला मांगच्या पायानं उधळाले लागला. नांगराचं जू कटकन मोडलं. दुसरा हेला दावं तोडून धुऱ्यावर पळाला. श्रीहरीनं मान धरली, दोघानं वेसण ओढली. ओढली, ओढली, अन् वेसण नाकपुडी फाडून हातात आली, मांसासकट. डोकं हाललं नाई. पोटातून असा आवाज निंगे का रुखमानं दोन्ही कान झाकले. मंग मांगचे पाय ताठ झाले. मंग ढिले.

मेल्यावर डोकं एका हातानं उचललं गेलं. *चुप*.

नाकपुड्यात, घशात चिखल दाबून भरलेला, जशी चूल लिंपतेत तसा. श्रीहरी म्हने, "साप डसला असन." सोमाजी म्हने, "झटका आला असन, उन्हाचा." आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

रुखमानं शिंगाच्या मांगं पाह्यलं. मानेवर चिखलाची पाच बोटं उठली होती. श्रीहरीची असतीन. त्यानंच तं मान धरली होती. तिनं श्रीहरीचा पंजा पाह्यला, फावड्यासारखा. मानेवरची बोटं बारीक होती.

मंग पानी आलं, बोटं धुवून गेली. उरलेला चिखल सोमाजीच्या बैलानं झाला.

५

"बोजाऱ्याले बांधीवर येऊ नका," रुखमा म्हने. सकाळचीच वेळ, ती सुवाऱ्या तळून राह्यली होती अन् श्रीहरी दाढी करून राह्यला होता.

"मालकच नाई गेला तं बोजारा कोनाचा? हेल्याचा?"

"अंगात बरं नाई, असं सांगते मी."

"काऊन? भेतं का?"

"मांगच्या सालची बाई उठली होती ना जी?"

श्रीहरीचा वस्तरा थांबला. मंग त्यानं आरशातच पाहून हसून म्हटलं, "उठली नाई तं काय धान झाली?" अन् हात मांगं करून तिच्या कानाखालत एक दिली. मस्करीतच. रुखमाच्या कानात शिट्टी वाजाले लागली. सुवारी कढईत काळी झाली.

ओसरीवरून बापूराव ओरडला, "कोनाले मारलं रे? मले मारलं असन तं सांग, मी रडतो!"

रुखमानं डोळे पुसले अन् ठरवलं. हात जोडून हे थांबत नाईत, तं तिचं पान वाढून तिलेच शांत करू. पळसाची पानं तिनं दहा काढली होती, अकरावं काढलं. मैना टोपलं न्याले आली तवा तिले हळूच पुसलं, "मैने, तिचं नाव काय होतं व?"

"कोनाचं?"

रुखमानं ते अकरावं पान दाखवलं. मैनाचं तोंड उतरलं.

"मले नाई माहीत, माई. कोनं पुसलं होतं?"

"पान कोनाच्या नावानं ठेवू मंग?"

"ओ बाई म्हन," मैना म्हने. "तसंच तं म्हनत होतो."

६

दुपारी तीनच्या सुमाराले शेवटची बांधी संपली. रुखमा पाती मोजाले गेली नाई. पाठ करून उभी राह्यली. तिनं अकरा पानं धुऱ्यावर मांडली. अकराव्या पानावर दोन सुवाऱ्या, वडे, मटनाचा चांगला तुकडा, अन् गुळाचा खडा ठेवला. मोहाच्या झाडाकडे पाहून मनात म्हने, ओ बाई, जेव. जेव अन् जाय.

श्रीहरी शीळ वाजवत आला. पानं मोजली. दहा बाया, अन् हे अकरावं?

"हे कोनाचं?"

"राहू द्या ते."

"मालकाचं असन!" अन् धुऱ्यावर मांडी घालून, सुवारीत तुकडा गुंडाळून, तोंडात. रुखमा धावली तवर वडाही गेला होता. गूळ त्यानं कडकड फोडून खाल्ला. सारं पान पुसून, चाटून, चोळामोळा करून चिखलात फेकलं, त्या कोपऱ्यात.

"आता या!" दोन्ही हात पसरून तो बांधीत उतरला. "कोनाले बदला घ्याचा हाये ते या!"

बायाले सांगाच लागत नाई. साऱ्या तुटून पडल्या. माधवीनं पाय ओढला, आचलनं पाठीवर बसून चिखल थापला, मैनानं केसं धरले. श्रीहरी डुकरासारखा वरडे, हसे, शिव्या दे. "माये व! मेलो व! अजून दाबा!" पानी सुरू झालं. मंग त्याचं वरडनं थांबलं अन् नुसते पाय हालाले लागले.

"पुरे झालं!" रुखमा म्हने.

"आमी कुठी धरलं?" मैना हसत म्हने. "केसं सोडले मी कवाचे!"

रुखमानं हात पाह्यले. साऱ्या हातात हिरव्या बांगड्या, चिखलात बुडालेल्या तरी किणकिण वाजत. श्रीहरीच्या मानेवर दोन हात होते. त्याईत बांगड्या नव्हत्या. कातडी पांढरी, सुरकुतलेली, जशी लगित दिवस पान्यात राह्यल्यावर होते. हात चिखलातून वरत आले होते. त्याच्या मांगं कोनी बाई नव्हती.

गवत कापाचा इळा धुऱ्यावर होता. रुखमानं तो घेतला अन् डोळे मिटले नाई. पह्यला घाव मनगटावर घातला. दुसरा घातला. हाडावर बसला, खट्. तिसऱ्या घावाले मैना मधात आली, अन् तिचा हात कोपरापासून खालत फाटला. रक्ताची चिळकांडी रुखमाच्या तोंडावर आली, गरम.

"रुखमे! काय करतं व! नवऱ्याले मारतं का!"

चौघीनं तिले मांगं ओढलं. इळा हिसकला. मैना आपला हात पोटाशी धरून बोंबलत होती, तिच्या लुगड्याचा सारा पदर लाल. रुखमा लाथा मारे, चावे, अन् एकच ओरडे, "मोजा! हात मोजा!"

तवा श्रीहरी उठला.

तो सरळ उभा राह्यला, डोकश्यापासून नखापर्यंत चिखल. तोंडाच्या जागी नुसता चिखल. मंग आचल हसली, भेवानं हसते मानूस तशी, अन् मंग साऱ्याच हसल्या, रडत रडत. "जिता हाये व! पाह्य, जिता हाये!" रुखमा त्याच्या पायावर पडली.

श्रीहरी हसला नाई. तोंड पुसलं नाई. धुऱ्यावर चढला, अन् धुऱ्याधुऱ्यानं घराकडे निंगून गेला.

रुखमाले त्याची पाठ चांगली दिसली. या खेपेले तिनं पाहून ठेवली.

७

मैनाले जीपमधून ब्रह्मपुरीले नेलं, सत्रा टाके पडले. सोमाजी रुखमाकडे पाहेही ना. दिवस बुडाच्या आंधी ती घरी आली. श्रीहरी अंगनात बसला होता. चिखल वाळून त्याले भेगा पडल्या होत्या. तिनं गरम पानी काढून ठेवलं.

"अजी, आंघोळ करा."

तो बसूनच.

तिनं वाढलं. तो वाळल्या चिखलाच्या हातानंच जेवला. भातात चिखलाचे ढेकळं पडत, ते भातासंगं जात. जेवताना उजवा हात वरत गेला तं मनगटावर गोल चीर दिसली, खोल, सारं मनगट वेढलेली. तिच्यात ओला चिखल भरलेला. बांगडीसारखा.

भेवून त्यानंच हात आडवा केला असन, रुखमानं मनाशी म्हटलं. माहाच घाव बसला असन. धुवून हळद लावू. पन रक्त कुठी गेलं, हे तिनं स्वतःले पुसलं नाई.

बापूराव भिताडाले टेकून जेवत होता. त्यानं नाक वरत केलं, कान दिला, अन् मिशीत हसला.

"रुखमा, हे पाव्हणी कोन व?"

"मामाजी, कोनी नाई. हे हायेत, तुमचा पोरगा."

"मस्करी नको करू म्हाताऱ्याची. बाईमानसाचा श्वास मले समजत नाई का?" मंग तो लाडानं म्हने, "तिले अजून भात वाढ. उपाशी दिसते बिचारी. कवाची."

रुखमानं भात वाढला. अर्धा ताटाबाहेर पडला. पाव्हणीनं तोही वेचून खाल्ला.

८

सकाळी आचल धावत आली. बांधीवर चाल म्हने, अन् पुढं तिले बोलताच येईना.

मोहाखाली सारा टोला जमला होता. मैनाही, हात गळ्यात बांधून. अकरावी पात होती, सरळ, उलटी, मुळ्या वरत. रुखमा तिच्या काठाकाठानं चालत गेली. पात संपते तिथी, शेवटच्या रोपाच्या पुढं, बरोबर वीतभर जागा सोडून, दोन तळपाय होते. टाचा आभाळाकडे. उजव्या टाचेले भेग, अन् भेगेत राळ भरलेली. ती राळ रुखमानं आपल्या हातानं भरली होती, रोवणा लागाच्या आंधी.

सोमाजीनं पुढं होऊन दोन्ही घोटे धरले. अन् त्याचं तोंड पांढरं पडलं.

"गरम हायेत," तो म्हने. "पाय गरम हायेत गा! हात लावा! ओढा!"

चार मानसानं ओढलं, सहा मानसानं ओढलं. घोट्याएवढा चिखल, अन् मानूस कमरेपर्यंतही बाहेर येईना. एक अंगठा हालला. रुखमानं पाह्यलं, हालला. ती नखानं चिखल उकरू लागली, नखं मोडली, बोटाच्या जुन्या चिरा उलल्या अन् रक्त चिखलात जाऊन गायब होये.

"थांबू नका! जिते हायेत! ओढा ना जी!"

तवा सोमाजीनं मान वरत केली. बांधीवरून श्रीहरीचं घर दिसते. छपराच्या कवेलूतून धूर निंगून राह्यला होता.

"रुखमा, चूल कोनं पेटवली? बापूरावले तं दिसत नाई."

घराच्या दारातून हाक आली. धुऱ्याधुऱ्यानं, पान्यावरून, अशी स्वच्छ आली जशी कोनी कानापाशी उभी हाये. बाईचा आवाज. जेवाले बोलवाची हाक.

"रुखमा!"

सोमाजीच्या हातातले पाय बोटभर खालत गेले.

"माधवी! आचल!"

अजून बोटभर. सोमाजी घोट्याले लटकला, गुडघे चिखलात रोवून, शिव्या देत. बाया एकमेकीकडे पाहत राह्यल्या, ओ कोनंच दिली नाई. त्याईनं तिले नाव पुसलं नव्हतं. पन पंधरा दिवस तिच्या देखत दहाही जनी एकमेकीले हाका मारत होत्या, अन् तिनं साऱ्या नीट आयकून ठेवल्या होत्या. एकेक नाव ती घेत होती, रांगेनं, ज्या रांगेत त्या मांगच्या साली वाकल्या होत्या. आता घोटेही दिसत नव्हते. नुसत्या टाचा, अन् राळीची रेघ.

"मैना!"

रोज चार घरून हाक येते. रोज मानूस ओ देते. त्याले काही विचार करा लागत नाई.

"आली व!" मैना म्हने.